औषधाबरोबर डोळ्यात जाणारे दुसरे रसायन

डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत दोन प्रकारच्या घटकांची नावे छापलेली असतात. पहिले नाव औषधाचे : टिमोलॉल, लॅटानोप्रोस्ट, ओलोपॅटॅडिन, कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज. दुसरे त्याच्या खाली, आणखी बारीक अक्षरांत. बहुधा ‘बेन्झाल्कोनियम क्लोराइड’ आणि पुढे ०.०१ किंवा ०.०२ टक्के असा आकडा. आजार बरा करण्यात या दुसऱ्या घटकाचा काही वाटा नसतो. बाटली उघडल्यानंतर तिच्यात जंतू वाढू नयेत, एवढ्यासाठी तो घातलेला असतो. त्याला परिरक्षक किंवा प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात. थेंब डोळ्यात पडतो तेव्हा औषध आणि परिरक्षक दोन्ही एकदमच पडतात. डोळे आल्यावर आठवडाभर थेंब घालणाऱ्याला त्याने सहसा काही फरक पडत नाही. काचबिंदूचा रुग्ण मात्र चाळिशी-पन्नाशीत थेंब सुरू करतो आणि ते त्याला आयुष्यभर घालावे लागतात. परिरक्षकाचा प्रश्न खरा त्याचा आहे.

परिरक्षक मुळात का आले, हे आधी समजून घ्यायला हवे. नाहीतर ते निव्वळ कारखानदारांच्या सोयीसाठी घातले जाते असा गैरसमज होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डोळ्यांची औषधे साध्या बाटल्यांत भरून दवाखान्यात ठेवली जात आणि एकच बाटली अनेक रुग्णांसाठी वापरली जाई. त्यातले सर्वांत घातक उदाहरण फ्लुरोसीन या नारिंगी-पिवळ्या रंगद्रव्याचे. बुबुळावर ओरखडा किंवा जखम आहे का, हे पाहण्यासाठी ते डोळ्यात घालतात. म्हणजे ज्या डोळ्याच्या पृष्ठभागाचे संरक्षण आधीच तुटलेले आहे, त्याच डोळ्यात ते जाते. आणि याच द्रावणात स्यूडोमोनास हा जंतू उत्तम वाढतो. स्यूडोमोनास जखमी बुबुळात शिरला तर एक-दोन दिवसांत बुबुळ वितळवून टाकू शकतो. तपासणीच्या थेंबानेच डोळा गमावण्याची पाळी येऊ लागली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ सॅम्युएल किमुरा यांनी १९५१मध्ये कागदाच्या पट्टीवर फ्लुरोसीन वाळवून वापरण्याची पद्धत सुचवली. कोरड्या पट्टीत जंतू वाढत नाहीत. आजही नेत्रतज्ज्ञांच्या टेबलावर पाकीटबंद पट्ट्या असतात त्या यामुळेच. १९५३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डोळ्यांची सर्व द्रावणे निर्जंतुकच असली पाहिजेत असा दंडक घातला.

कारखान्यातून निर्जंतुक निघालेली बाटली घरी उघडली की निर्जंतुक राहत नाही. तिचे टोक पापणीला, पापणीच्या केसांना, बोटाला लागते. दाब सोडला की बाटली हवा आत ओढते आणि हवेबरोबर टोकावरचा ओलावाही आत जातो. त्यामुळे अनेक वेळा वापरायच्या बाटलीत परिरक्षक असावे, हा नियम जगभर रूढ झाला. भारतात तो १९४५च्या औषध नियमांतील ‘एफएफ’ या अनुसूचीत आहे. तिच्यात चार परिरक्षके प्रमाणासह दिली आहेत : बेन्झाल्कोनियम क्लोराइड ०.०१ टक्के, फिनाइल मर्क्युरिक नायट्रेट ०.००१ टक्के, क्लोरब्युटॅनॉल ०.५ टक्के आणि फिनाइल इथाइल अल्कोहोल ०.५ टक्के. परवाना देणारा अधिकारी दुसऱ्या परिरक्षकाला किंवा वेगळ्या प्रमाणाला मान्यता देऊ शकतो. याच अनुसूचीत एक महत्त्वाचा अपवाद आहे : शस्त्रक्रियेत वापरायच्या द्रावणात कोणतेही परिरक्षक असता कामा नये आणि ते एकाच वापराच्या वेष्टनात भरलेले असावे. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. मोठ्या माणसात तो तुटला की पुन्हा भरून येत नाही. परिरक्षक तिथे पोचले तर बुबुळ कायमचे गढूळ होऊ शकते. जे रसायन डोळ्याच्या आत नको असे कायदाच सांगतो, ते डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला वर्षानुवर्षे कितपत सोसते, हा प्रश्न वैद्यकात गांभीर्याने विचारला जायला मात्र बराच काळ गेला.

त्या चारांपैकी बेन्झाल्कोनियम क्लोराइड हेच जगात सर्वाधिक वापरले जाते. जर्मन शास्त्रज्ञ गेर्हार्ड डोमाक यांनी १९३५मध्ये त्याचे जंतुनाशक गुण प्रसिद्ध केले. सल्फा औषधांच्या शोधासाठी १९३९चे नोबेल पारितोषिक मिळालेले हेच ते डोमाक. आधी ते शस्त्रक्रियेपूर्वी हात आणि कातडी धुण्यासाठी वापरात आले आणि नंतर डोळ्यांच्या औषधांत. रसायनाच्या भाषेत ते चतुष्क अमोनियम संयुग आहे, म्हणजे साबणासारखे काम करणारे द्रव्य. त्याच्या रेणूचे एक टोक धनभारित असते आणि दुसरे लांब, स्निग्ध शेपटीसारखे. जंतूच्या आवरणावर ऋणभार असतो. धनभारित टोक तिथे चिकटते, शेपटी आवरणात घुसते, आवरण फाटते आणि जंतू मरतो. स्यूडोमोनाससारख्या चिवट जंतूंचे आवरण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने बांधलेले असते. ते सैल व्हावे म्हणून अनेक बाटल्यांत ‘डायसोडियम इडीटेट’ हे आणखी एक द्रव्य घालतात. लेबलवर ते नावही दिसते.

हे द्रव्य स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि जंतूंवर खात्रीने काम करते. त्याचा दोष त्याच्या गुणातच आहे. आवरण फाडण्याची त्याची रीत जंतूचे आवरण आणि माणसाच्या पेशीचे आवरण असा भेद करत नाही.

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक थर सतत पसरलेला असतो. त्याची जाडी काही मायक्रोमीटर इतकीच, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. त्यातला सगळा द्रव मिळून सुमारे सात मायक्रोलिटर भरतो. औषधाचा एक थेंब मात्र तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे डोळ्यात थेंब पडतो तेव्हा तिथले अश्रू धुऊन निघतात आणि काही क्षण डोळा औषधाच्या द्रावणातच बुडालेला असतो. उरलेले गालावर ओघळते किंवा नाकाच्या बाजूच्या नळीतून घशात उतरते. अश्रूंच्या थरात सर्वांत वर पापण्यांच्या ग्रंथींतून आलेला तेलकट पापुद्रा असतो. तो अश्रूंना वाळू देत नाही. खाली पाणी आणि बुबुळाला लागून श्लेष्मल द्रव, जो पाण्याला पृष्ठभागावर धरून ठेवतो. बेन्झाल्कोनियम साबणधर्मी असल्याने सर्वांत आधी तेलकट पापुद्रा विस्कटतो. अश्रू लवकर वाळतात, थराला भोके पडतात आणि उघडे पडलेले बुबुळ झोंबू लागते.

पुढचा परिणाम पेशींवर होतो. डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू झाकणाऱ्या पातळ आवरणात श्लेष्मल द्रव तयार करणाऱ्या पेशी असतात. परिरक्षकाचा दीर्घ मारा झाला की त्या कमी होत जातात. बुबुळाच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून भिंत उभी करतात. त्या भिंतीचे सांधे सैल होतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर पॅरिसच्या संशोधकांनी १९९९मध्ये प्रयोग केले, तेव्हा ०.०५ आणि ०.१ टक्के द्रावणात पेशी तात्काळ फुटल्या, तर ०.०१ टक्क्यात त्या दिवसभरात आतून कोसळून मेल्या. डोळ्यात अश्रू द्रावण पातळ करतात, म्हणून काचपात्रातला निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. तरीही ०.०१ ते ०.०२ टक्के हेच प्रमाण बाजारातल्या असंख्य बाटल्यांत आहे, हे नजरेआड करण्यासारखे नाही. शिवाय हे द्रव्य लगेच निघूनही जात नाही. सशांवरच्या प्रयोगांत एकदा घातलेले बेन्झाल्कोनियम डोळ्याच्या पेशींत कित्येक तास, काही प्रमाणात काही दिवसही, टिकून राहिलेले आढळले आहे. दुसऱ्या दिवशीचा थेंब पडतो तेव्हा आदल्या दिवसाचा अंश तिथे असतो.

तिसरा परिणाम चेतातंतूंवर. बुबुळ हा शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक. धुळीचा कण गेला की डोळा मिटतो आणि पाणी येते, ते या तंतूंमुळेच. परिरक्षक असलेले थेंब अनेक वर्षे घालणाऱ्यांत या तंतूंची घनता कमी झालेली सूक्ष्मदर्शी तपासणीत दिसते. याचा अर्थ असा की काही रुग्णांना डोळा खराब होत असतानाही फारसे दुखत नाही. तक्रार नाही म्हणून डोळा ठीक आहे, असे समजणे यामुळे धोक्याचे ठरते.

हा बिघाड तपासणीच्या खोलीत डोळ्यांनी पाहता येतो. रुग्णाला स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकापुढे हनुवटी टेकवून बसवतात. फ्लुरोसीनची पट्टी निर्जंतुक पाण्याने ओली करून खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवतात आणि निळा प्रकाश टाकतात. सगळे बुबुळ हिरवट पिवळ्या तेजाने उजळते. मग रुग्णाला डोळे मिटू नका असे सांगून डॉक्टर सेकंद मोजतात. निरोगी डोळ्यात दहा सेकंद किंवा जास्त वेळ तो रंग एकसंध राहतो. बिघडलेल्या डोळ्यात तीन-चार सेकंदांतच काळे ठिपके उमटतात आणि पसरतात : तिथे अश्रूंचा थर फाटलेला असतो. रंग ओसरल्यावर बुबुळाच्या खालच्या भागात हिरवे बारीक टिंब टिंब राहिले, तर तिथल्या पेशी मेल्या किंवा सुटल्या आहेत. अश्रू किती तयार होतात, हे पाहण्यासाठी ओटो शिर्मर यांनी १९०३मध्ये सांगितलेली टीपकागदाची पट्टी अजून वापरली जाते. पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली, ते मोजतात. महागडी यंत्रे यासाठी लागत नाहीत. तालुक्याच्या गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडेही हे सर्व असते. काचबिंदूच्या रुग्णाचा दाब दर वेळी मोजला जातो, पण त्याच्या डोळ्याचा पृष्ठभाग मात्र अनेकदा पाहायचा राहून जातो. ही उणीव दूर करता येण्यासारखी आहे आणि ती दूर झालीच पाहिजे.

काचबिंदूच्या रुग्णाचा हिशेब मांडला की प्रश्नाचा आकार कळतो. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. डोळ्यातला दाब कमी ठेवण्यासाठी त्यातल्या अनेकांना एकाहून अधिक औषधे लागतात. रात्री लॅटानोप्रोस्ट एकदा, डॉर्झोलॅमाइड आणि टिमोलॉलचे मिश्रण दोनदा, ब्रिमोनिडिन दोनदा : एका डोळ्यात दिवसाला पाच थेंब. वर्षाला १,८२५ आणि वीस वर्षांत ३६,५००. लॅटानोप्रोस्टच्या मूळ औषधात बेन्झाल्कोनियमचे प्रमाण ०.०२ टक्के, म्हणजे नेहमीच्या प्रमाणातले सर्वांत चढे. एका थेंबात ते अवघे सहा ते दहा मायक्रोग्रॅम भरते. एक थेंब निरुपद्रवी वाटतो. हजारो थेंबांचा साठत गेलेला भार हा दुखण्याचा विषय आहे.

फ्रान्समध्ये २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत काचबिंदूचे ४,१०७ रुग्ण होते. परिरक्षक असलेले थेंब घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के जणांना थेंब घालताना दुखत किंवा बोचत होते. परिरक्षक नसलेले थेंब घालणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. डोळ्यात खडा गेल्यासारखे खुपण्याची तक्रार ३१ टक्के विरुद्ध १४ टक्के, आणि कोरडेपणाची २३ टक्के विरुद्ध १४ टक्के. ज्यांचे थेंब बदलून परिरक्षक नसलेले दिले गेले, त्यांच्या तक्रारी आणि तपासणीतली लक्षणे दोन्ही कमी झाली. ही शेवटची गोष्ट सर्वांत दिलासा देणारी आहे. डोळ्याचा पृष्ठभाग बराच सोसतो आणि मारा थांबवला तर बराच सावरतोही.

यात एक व्यावहारिक धोका दडलेला आहे. काचबिंदू बहुधा दुखत नाही. नजर कडेकडून हळूहळू जाते आणि रुग्णाला ती गेल्याचे उशिरा कळते. जो रोग दुखत नाही त्याचे औषध मात्र झोंबते, डोळे लाल करते, सकाळी पापण्या चिकटवते. मग थेंब चुकू लागतात, बाटली संपल्यावर नवी आणायला उशीर होतो, आणि गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही. थेंब नियमित न घालणाऱ्या रुग्णाला निष्काळजी म्हणून मोकळे होण्यापूर्वी त्याचे डोळे झोंबतात का, हे विचारायला हवे.

थेंबांनी दाब आटोक्यात आला नाही, तर शस्त्रक्रिया करून डोळ्यातल्या द्रवाला बाहेर पडायला नवी वाट करून देतात. ही वाट पांढऱ्या भागावरच्या आवरणाखाली उघडते. ते आवरण आधीच सुजलेले, दाहाने भरलेले असेल, तर जखम भरताना जाड व्रण तयार होतो आणि वाट बुजते. लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयातील संशोधकांनी १९९४मध्ये दाखवले की शस्त्रक्रियेआधी दीर्घकाळ अनेक प्रकारचे थेंब घातलेल्यांत तिच्या यशाचे प्रमाण कमी असते. त्यातला किती दोष औषधाचा आणि किती परिरक्षकाचा, हे तेव्हा वेगळे काढता आले नव्हते. २०१३मध्ये टोरांटोतून आलेल्या अभ्यासात, दररोज डोळ्यात जाणारे परिरक्षकयुक्त थेंब जितके जास्त, तितकी शस्त्रक्रिया लवकर निकामी ठरण्याची शक्यता अधिक, असे आढळले. औषध आज पुरे पडले नाही म्हणून उद्या जो उपाय करायचा, त्याचीच जमीन परिरक्षक आज नापीक करत असते.

कोरड्या डोळ्यांच्या उपचारात याहून विचित्र प्रकार घडतो. काचबिंदूच्या थेंबांनी डोळे कोरडे झाले म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब लिहून दिले जातात, किंवा रुग्ण स्वतःच मेडिकलमधून आणतो. त्या स्वस्त बाटलीतही परिरक्षक असते. आराम मिळेना म्हणून ते दिवसातून सहा-आठ वेळा घातले जातात. दुखण्याचे कारण आणि उपाय एकाच बाटलीत येतात. दिवसातून चार ते सहापेक्षा जास्त वेळा कृत्रिम अश्रू लागत असतील, तर ते परिरक्षक नसलेलेच असावेत, याबाबत तज्ज्ञांत मतभेद नाहीत. डोळ्यांची लाली घालवणारे नॅफाझोलिनसारखे थेंब तर आणखी वाईट. ते रक्तवाहिन्या आकसवतात, असर उतरला की लाली दुपटीने येते, आणि बाटलीतले परिरक्षक दर वेळी डोळ्यात जात राहते. ॲलर्जीमुळे वर्षातले कित्येक महिने थेंब घालावे लागणारी लहान मुले हाही असाच एक गट आहे, ज्याच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचे ते एवढेच : मऊ लेन्स बेन्झाल्कोनियम शोषून घेते आणि तासन् तास बुबुळावर सोडत राहते. थेंबापूर्वी लेन्स काढावी आणि निदान पंधरा मिनिटांनी पुन्हा घालावी.

बेन्झाल्कोनियमच्या जागी दुसरे काय, याचा शोध दोन वाटांनी गेला. पहिली वाट सौम्य परिरक्षकांची. पाऱ्याची संयुगे त्याआधीच मागे पडली होती. फिनाइल मर्क्युरिक नायट्रेट असलेले थेंब वर्षानुवर्षे घालणाऱ्यांच्या डोळ्यातील भिंगावर पाऱ्याचा तपकिरी थर बसत असे, आणि थायोमर्सल या पाऱ्याच्या दुसऱ्या संयुगाची ॲलर्जी १९८०च्या दशकात लेन्स वापरणाऱ्यांत सर्रास दिसली. २००१मध्ये अमेरिकेत ब्रिमोनिडिनचे थेंब ‘प्युराइट’ या परिरक्षकासह आले. हे क्लोरीन आणि ऑक्सिजनचे संयुग प्रकाशात आले की मीठ आणि पाण्यात विघटन पावते. २००६मध्ये ट्रॅव्होप्रोस्टचे थेंब ‘सॉफझिया’सह आले. त्यात बोरिक आम्ल, झिंक, सॉर्बिटॉल अशा घटकांचा मेळ आहे. सोडियम परबोरेटचे द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड होते आणि डोळ्यात त्याचे अखेर पाणी व ऑक्सिजन उरते. पॉलिक्वाड हा मोठा रेणू मुळात लेन्सच्या द्रावणासाठी बनला. तो माणसाच्या पेशींत सहजी शिरत नाही. ही सर्व द्रव्ये बेन्झाल्कोनियमपेक्षा डोळ्याला सौम्य आहेत, मात्र निरुपद्रवी यांपैकी एकही नाही. बेन्झाल्कोनियममुळे औषध बुबुळातून आत चांगले झिरपते, ते काढले तर औषधाचा असर घटेल, अशी भीती पूर्वी घातली जाई. ट्रॅव्होप्रोस्ट आणि टॅफ्लुप्रोस्ट या दोन औषधांत तुलना करून पाहिली गेली तेव्हा दाब कमी करण्यात फरक दिसला नाही.

दुसरी वाट परिरक्षकच काढून टाकण्याची, आणि ती पूर्णपणे बाटलीच्या रचनेवर अवलंबून आहे. सर्वांत जुना मार्ग एकाच वापराच्या इवल्याशा प्लास्टिक कुप्यांचा. एकाच यंत्रात वितळलेल्या प्लास्टिकला आकार देतात, त्यात औषध भरतात आणि तिथेच तोंड वितळवून बंद करतात. मधे माणसाचा हात लागत नाही. पाच कुप्यांची पट्टी येते. एक तोडायची, मान पिरगाळून उघडायची, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायचा आणि उरलेले टाकून द्यायचे. कुपीत दहाएक थेंब असतात आणि लागतात दोन, म्हणून हा मार्ग महाग पडतो, प्लास्टिकचा कचराही वाढवतो. पैसे मोजलेले औषध फेकवत नाही, म्हणून उघडी कुपी वाटीत ठेवून दुसऱ्या दिवशी वापरणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, पण उघडलेल्या कुपीत जंतूंना अटकाव करणारे काहीच नसते. संधिवाताने वाकडी झालेली बोटे असणाऱ्या वृद्धांना तर ती कुपी उघडणेही जमत नाही.

त्यावर युरोपात अनेक वेळा वापरायच्या, तरीही परिरक्षक नसलेल्या बाटल्या बनल्या. फ्रान्सच्या तेआ कंपनीच्या ‘अबाक’ बाटलीत टोकाशी ०.२ मायक्रोमीटर छिद्रांची गाळणी असते. जंतू त्याहून मोठे असल्याने आत येणारी हवा आणि परत फिरलेला थेंब गाळूनच जातो. जर्मनीच्या उर्साफार्मच्या ‘कोमोड’मध्ये पंप असतो आणि आतली पिशवी आकसत जाते, त्यामुळे औषधाकडे बाहेरची हवा जातच नाही. काहींत टोकाशी झडप असते, थेंब पडताच ती बंद होते. डोळ्यांच्या औषधांत अलीकडच्या काळात झालेली ही सर्वांत उपयुक्त सुधारणा म्हणावी लागेल. साध्या बाटलीपेक्षा अशी बाटली महाग असते, ही तिची मोठी मर्यादा. आयुष्यभराचे औषध खिशातून पैसे मोजून घेणाऱ्या रुग्णाला दरमहा हा फरक परवडत नाही.

बाटलीच्या रचनेशिवाय परिरक्षक काढले तर काय होते, ते २०२३मध्ये अमेरिकेत दिसले. चेन्नईजवळच्या ग्लोबल फार्मा हेल्थकेअर या कंपनीत बनलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब तिथे ‘एझ्रीकेअर’ आणि ‘डेल्सॅम’ या नावांनी विकले जात होते. थेंबांत परिरक्षक नव्हते आणि बाटली मात्र अनेक वेळा वापरायची होती. बहुतेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासची लागण पसरली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या नोंदीनुसार १८ राज्यांतील ८१ जण बाधित झाले, चौघे दगावले, १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा डोळा काढावा लागला. उघडलेल्या बाटल्यांत तोच जंतू सापडला. पुरेशा परिरक्षकाशिवाय अनेक वेळा वापरायच्या बाटल्या भरल्याचा आणि जंतूंची योग्य चाचणी न केल्याचा ठपका तिथल्या औषध प्रशासनाने ठेवला. भारतीय औषध नियंत्रकांनी मात्र आपण तपासलेल्या नमुन्यांत दोष आढळला नसल्याचे सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने आणखी २६ प्रकारचे थेंब न वापरण्याचा इशारा दिला. त्यामागे उत्पादनाच्या जागेत आढळलेली अस्वच्छता आणि जंतू होते, आणि तो कारखाना नवी मुंबईतला होता. महाराष्ट्रात डोळ्यांची औषधे मोठ्या प्रमाणावर बनतात. त्यामुळे हा इशारा आपल्या दाराशी आलेला आहे. ‘परिरक्षकमुक्त’ हा शब्द छापला म्हणून थेंब सुरक्षित होत नाहीत. काढलेल्या परिरक्षकाचे काम दुसऱ्या कशाने तरी केले पाहिजे, आणि ते होते की नाही हे तपासणारी यंत्रणा कडक हवी. घरगुती गुलाबपाणी, मध किंवा आईचे दूध डोळ्यात घालणाऱ्यांना तर हा धोका सर्वांत मोठा.

थेंबांची संख्याच कमी करणे हा तिसरा मार्ग. दोन औषधे एकाच बाटलीत मिळाली तर परिरक्षकाचा एक मारा वाचतो. काही प्रकारच्या काचबिंदूत सुरुवातीलाच लेझर उपचार करता येतात. ब्रिटनमधील ‘लाइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी लेझर केलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना तीन वर्षांनंतरही थेंब लागत नव्हते.

या सगळ्याचा अर्थ परिरक्षक असलेले थेंब सरसकट टाकून द्यावेत असा नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २००९मध्ये घेतलेली भूमिका अजूनही योग्य वाटते : सर्वांसाठी बंदी नको, पण ज्यांना परिरक्षक सोसत नाही किंवा ज्यांचा उपचार दीर्घकाळ चालणार आहे, त्यांच्यासाठी परिरक्षक नसलेला पर्याय असला पाहिजे. आठवडाभराच्या प्रतिजैविकाला साधी बाटली पुरते. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसारखे काही थेंब तर स्वतःच जंतूंना मारतात, त्यांत वेगळे परिरक्षक लागतही नाही. आधीच कोरडे डोळे, अनेक औषधे, पुढे शस्त्रक्रियेची शक्यता आणि वर्षानुवर्षांचा उपचार असेल, तर मात्र खर्च जास्त आला तरी परिरक्षक टाळणे रास्त आहे. सरकारी रुग्णालयांच्या औषधसूचीत अशा रुग्णांसाठी निदान एक-दोन परिरक्षकमुक्त औषधे असायला हवीत.

रुग्णाच्या हाती काय आहे, ते कायद्याने लेबलवरच छापायला लावले आहे : परिरक्षकाचे नाव आणि प्रमाण, उघडल्यापासून एका महिन्यात वापरण्याची सूचना, आणि टोक कशालाही लावू नका हा इशारा. बाटली उघडताच तिच्यावर तारीख लिहावी. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. एका वेळी एकच थेंब पुरतो. तो घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे हलकेच दाबावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. डोळे झोंबत, खुपत किंवा सतत लाल राहत असतील, तर पुढच्या तपासणीला सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात आणि डॉक्टरांना विचारावे की यांतल्या कोणत्यात परिरक्षक आहे आणि ते टाळता येईल का. तोवर काचबिंदूचा एकही थेंब आपल्या मनाने बंद करू नये.